सकाळी बोलकी, दुपारी मुकी

मला दुचाकी चालवायची बंदी आहे. ती घातली डॉक्टरनं आणि पाळायला लावली घरच्यांनी. माझा उजवा गुडघा कामातून गेला आहे. गाडी थांबवून पाय टेकवला की पाय टेकतो, पण गुडघा भार घेत नाही, आणि मग मी आणि मोटारसायकल एका कुशीवर निजतो. भोंगवलीच्या वेशीत असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी किटलीतलं सगळं दूध रस्त्यावर गेलं आणि गावातली कुत्री पंगतीला बसावीत तशी बसली. तेव्हा मुलगा म्हणाला, "आबा, आता बास. कुठं जायचं आसंल तर मला सांगायचं. माझ्या मागं बसायचं."

मागं बसायचं! मिसरूड फुटायच्या आधी मी बैलाचा कासरा हातात धरला. गाडी बैलाची असो नाहीतर पेट्रोलची, मी पुढंच बसलेला आहे. माणूस एकदा मागं बसायला लागला की त्याला विचारून कुणी थांबत नाही आणि विचारून कुणी निघत नाही. पोत्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की पोतं कण्हत नाही.

म्हणून मी सारोळ्याच्या वेल्डिंगवाल्याकडं गेलो. त्यानं मोटारसायकलीचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं बसवली आणि वर लोखंडी हौदा चढवला. दुधाच्या दोन किटल्या, पेंडीचं एक पोतं आणि वेळ पडली तर एक शेळी, एवढं त्यात आरामात बसतं. पाय टेकायचा प्रश्नच मिटला. गावानं नावं ठेवली. कुणी म्हणालं, आबांची गाडी म्हातारपणी बसकी झाली. कुणी म्हणालं, गाडीला कंबर आली. जो पुढं बसतो त्याला मागचं ऐकू येत नाही.

काम संपल्यावर वेल्डिंगवाला म्हणाला होता, "आबा, ह्या स्टँडचा आता काय उपेग न्हाई. तीन पायांची गाडी पडतीय कुठं? कापून टाकू का?"

"राहू दे," मी म्हणालो. चांगली वस्तू कापायची आमच्याकडं रीत नाही. पण स्टँड वर धरून ठेवणारी जी स्प्रिंग होती, ती मात्र माझ्या नजरेत भरली. जाड, नवी, घट्ट. आमच्या शेळ्यांच्या वाड्याचं फाटक कधी आपणहून लागत नसे. मी ती स्प्रिंग काढून फाटकाला लावली. फाटक असं थाडकन लागायला लागलं की कारभारणीचा पदर दोनदा त्यात सापडला. तिनं काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आता स्प्रिंग गेली म्हटल्यावर स्टँड लोंबायला लागलं. ते मी दोरीनं वर आवळून बांधलं. दोरी माझ्या हातची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, म्हणजे चौथीच्या दारापर्यंत; आत गेलो नाही. पण दोर वळण्यात माझा हात धरणारा या बाजूला कुणी नाही, हे मी नाही म्हणत, ज्यांचे बैल माझ्या दाव्याला बांधलेले होते ते म्हणायचे. घायपात कापायचा, ओढ्यात कुजवायचा, बडवायचा, त्यातला वाख, म्हणजे धागा, काढून वाळवायचा आणि मग मांडीवर पीळ द्यायचा. हल्ली सगळे नायलॉनची दोरी आणतात. निळी, हिरवी, लग्नातल्या मांडवासारखी. तिला गाठ बसत नाही आणि बैलाची मान कापते. माझ्या घरात नायलॉन येत नाही.

गाडी झाली ती उन्हाळा सरता सरता. सगळा पावसाळा तिनं एका शब्दानं मला उलटून उत्तर दिलं नाही. चिखल म्हणू नका, ओढ्याचं पाणी म्हणू नका, बटण दाबलं की हजर. दसऱ्याला तिची पूजा केली. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि कारभारणीनं पुढच्या मीटरच्या काचेवर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. वेग किती ते दिसेना. पण माझा वेग मला माहीत असतो.

आणि दसरा झाल्यावर, पाऊस पार गेल्यावर, गाडीनं पहिला दणका दिला.

सारोळ्यात दूध घालून, पेंड घेऊन, चार माणसांशी बोलून निघेपर्यंत माझी दुपार होते. गाडीवर बसलो, बटण दाबलं. काही नाही. खाकरलीसुद्धा नाही. पुन्हा दाबलं. पुलाजवळच्या चहावाल्यानं पोरं बोलवावी तशी माणसं बोलवली.

"प्येट्रोल हाय का आबा?"

"न्हाई, पाण्यावर चालवतो," मी म्हणालो.

एकानं किक मारून बघितली. दुसऱ्यानं बॅटरीच्या तारा हलवल्या. तिसरा म्हणाला, "गाडी म्हातारी झालीया." चौथा म्हणाला, "गाडी नवी हाय, म्हातारं दुसरंच हाय." त्याला मी ओळखून ठेवलं. शेवटी चहावाला म्हणाला, "गरम झाली आसंल, आबा. उन्हात हुबी हाय." आणि भांडी विसळायची बादली त्यानं सरळ गाडीवर ओतली. आम्ही चहा घेतला. चहा संपवून बटण दाबलं, गाडी चालू. बाजारात हरवलेली म्हैस दारात येऊन उभी राहावी तशी.

मग हे रोजचं झालं, आणि रोजचं झालं नाही. हाच तर त्रास. रोज बंद पडली असती तर माणूस तिला बंद म्हणाला असता. ही आठवड्यात चार दिवस बंद पडायची, आणि तेही दुपारी. सकाळी घरातून निघताना मात्र बटणाला बोट लागायच्या आत चालू. मी रोज पहाटे तिला धुतो. बैल होते तेव्हा बैल धुवायचो. सवय आहे.

कारभारीण म्हणाली, "तुमच्यावर गेलीया. सकाळच्या अंघुळीबिगर तुमीबी कुठं चालताय?"

मी हसलो नाही. तेव्हा तिचं मनावर घेतलं असतं तर पुढचा पंधरा-वीस दिवसांचा ताप वाचला असता, कारण तिनं दुखणं बरोबर सांगितलं होतं. पण बायकोनं थट्टेत सांगितलेलं खरं असू शकतं, हे आमच्या घराण्यात कुणी मानलेलं नाही.

कामथडीला एक फिटर आहे. माणूस हुशार, पण तोंडाचा फटकळ. एका सकाळी गाडी धुऊन पुसून त्याच्याकडं नेली.

"काय हुतंय?" त्यानं विचारलं.

"चालू हुईना."

त्यानं बटण दाबलं. गाडी चालू झाली.

"चालू हाय की."

"आता हाय. दुपारी नसती."

"मग दुपारी आणा."

"दुपारी चालू हुत न्हाई तर आणू कशी?"

मग त्यानं प्लग बदलला, तारा तपासल्या, बॅटरी बघितली. मीटरवरचं स्वस्तिक पुसायला फडकं उचललं.

"ए!" मी ओरडलो. "पूजेचं कुंकू हाय ते. दसऱ्याचं. पुसतोस व्हय?"

त्यानं फडकं ठेवलं. खाली वाकला. "आबा, ही दोरी कशाला बांधलीया स्टँडला? सोडून बघू का?"

"त्या दोरीला हात लावायचा न्हाई. माझ्या हातची हाय. तुझ्या नटाबोल्टापेक्षा जास्त टिकंल."

फिटर उठून उभा राहिला. "कुंकवाला हात लावायचा न्हाई, दोरीला हात लावायचा न्हाई. मग आबा, मी गाडीची फकस्त वास्तपूस करू का?"

असा मी दोन वेळा गेलो आणि दोन्ही वेळा गाडी त्याच्या दारात शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "गाडी ठणठणीत हाय. तुमी कुणाला तरी दाखवा."

मग मी माझं डोकं चालवलं. पाणी ओतलं की चालू होते, म्हणजे गरम होते. गरम होते, म्हणजे गार ठेवली पाहिजे. मी हौद्यात एक बारदान ठेवायला लागलो. सारोळ्यात गाडी उभी केली की बारदान भिजवायचं आणि ठिबकतं तसंच इंजिनावर घालायचं. आठ दिवस गाडी एकदाही रुसली नाही. मी फिटरच्या दारावरून मुद्दाम हॉर्न वाजवत गेलो. चहावाल्याला सांगितलं, शिकलेल्या माणसाला जे जमलं नाही ते बारदानानं केलं. नवव्या दिवशी गप्पांच्या नादात बारदान घालायला विसरलो. गाडी मुकी. चहावाल्याचं दुकान बंद, बादली नाही. मुलाला फोन करावा लागला. तो टेम्पो घेऊन आला, दोरखंडानं, तेही नायलॉनच्या, माझी गाडी टेम्पोला बांधली आणि सगळ्या सारोळ्यासमोर मला ओढत गावात आणलं. मी माझ्या गाडीवर हँडल धरून ताठ बसलो होतो, पण ओढलेला माणूस किती ताठ दिसणार?

घरी आल्यावर तो म्हणाला, "आबा, हे आता न्हाई चालायचं. ही गाडी मी भंगारवाल्याला देतो. उद्या घाटात बंद पडली म्हंजी?"

"मी घाटात जातोय कशाला?"

"भाऊबीजेला आत्याकडं न्हाई का जायचं? मी नेतो. माझ्या मागं बसा."

परत मागं.

आमचं असं ठरलं, आणि ठरवताना कारभारीण साक्षीला होती: भाऊबीजेला मी तीनचाकीवर एकट्यानं आक्काकडं जायचं. आपला आपण परत आलो तर गाडी माझी आणि पुन्हा विषय काढायचा नाही. वाटेत मुलाला एक जरी फोन करावा लागला तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात, आणि मी जन्मभर मागं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला वेल्ह्याच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाशी दिली आहे. केस पांढरे झाले, दात गेले, पण जीभ पहिल्या धारेची आहे. मला अजून धाकल्या म्हणते.

भाऊबीजेला पहाटे गाडी धुतली आणि निघालो. दव पडलेलं, हवा गार. महामार्गाला लागलो, कामथडी सोडली, वेल्ह्याच्या रस्त्याला वळलो. चढावर जरा धापली, पण थांबली नाही. आक्काच्या अंगणात गाडी उभी केली, बारदान भिजवून इंजिनावर घातलं आणि मगच तिच्या पाया पडलो.

"आधी गाडीची सेवा, मग बहिणीची," ती म्हणाली. "बायकू आली तवाबी असंच केलं हुतंस."

तिनं ओवाळलं, करंज्या दिल्या, जेवू घातलं. चार घास जास्तच गेले. जेवून अंगणात येतो तर गाडीवर बारदान नाही. बघतो तर ते धुऊन, पिळून कुडाच्या भिंतीवर वाळत घातलेलं.

"आक्का! माझं बारदान!"

"मेल्या, सणाच्या दिवशी दारात घाण गोणपाट? धुऊन दिलं की चांगलं."

मी धावत, म्हणजे माझ्या गुडघ्याला जमेल तितकं धावत, गाडीकडं गेलो. बटण दाबलं. मुकी. इंजिनाला हात लावला आणि चक्रावलो. इंजिन गार. चिंचेच्या सावलीत होतं सकाळपासून. ऊन होतं ते नुसतं डाव्या अंगाला, स्टँडच्या बाजूला. गरम झाली म्हणावं तर गार आहे, आणि तरी चालू होत नाही. म्हणजे आठ दिवस मी ज्या अकलेचे ढोल वाजवत होतो ती अक्कलच खोटी.

"फोन कर पोराला," आक्का म्हणाली.

"न्हाई."

"मग मुक्काम कर."

"न्हाई. आज परत गेलो न्हाई तर गाडी भंगारात जातीया."

"मग जा चालत."

मी ओसरीवरच्या खाटेवर बसलो. खरं सांगायचं तर बसलो नाही, आत गेलो. खाट झोळीसारखी खाली आली आणि गुडघे कानाला लागले. खिशातला मोबाईल मांडीला टोचायला लागला. मला टेम्पो दिसायला लागला, नायलॉनचा दोर दिसायला लागला. तेवढ्यात आक्का तांब्या भरून आली.

"ऊठ धाकल्या. खाटंला पाणी मारायचंय."

"पाणी? कशाला?"

"कशाला म्हंजी? तूच इणून दिलीस न्हवं ही खाट? तुझ्या वाखाची तऱ्हा तुला ठावं न्हाई? वल्ली असली की तबल्यागत ताठ. वाळली की ही अशी झोळी. रोज दुपारी तांब्याभर पाणी शिंपडल्याबिगर माझं अंग टेकत न्हाई. नायलॉनची पट्टी बसवू म्हनून सून माझ्या मागं लागलीया, पन म्हनलं, भावानं इणलीया, राहू दे."

ती पाणी शिंपडत होती. मी बघत होतो. पाणी पडेल तिथली दोरी काळपट पडत होती, आणि थोड्या वेळानं, डोळ्यादेखत, झोळी वर यायला लागली.

उठून गाडीजवळ गेलो आणि गुडघ्याला शिव्या देत खाली बसलो. स्टँडला बांधलेली माझी दोरी. सकाळी ताणून बसलेली असते, ती आता सैल पडली होती. मधे दोन बोटं आरामात जात होती, आणि स्टँड तेवढंच खाली उतरलं होतं. मुलानं ही मोटारसायकल आणली तेव्हा कौतुकानं एक गोष्ट दाखवली होती: नव्या गाडीचं स्टँड खाली असलं की ती चालूच होत नाही, माणूस विसरून पडू नये म्हणून. मी तेव्हा म्हणालो होतो, असली आठवण बायकोची पुरे आहे. आणि विसरून गेलो होतो.

दुपारी दोरी वाळते, सैल पडते, स्टँड दोन बोटं उतरतं, गाडीला वाटतं मालकानं स्टँड लावलंय. सकाळी मी धुतो, दोरी आवळते, गाडी चालू. चहावाल्याची बादली, माझं बारदान, सगळा पावसाळा, सगळं त्या दोरीला पाणी पाजत होतं आणि नाव इंजिनाचं होत होतं.

"आक्का, तांब्या दे."

मी दोरीवर पाणी ओतलं. जराही कंजूसपणा केला नाही. मग पान लावलं, खाल्लं, थुंकलो. वाकून बघितलं. दोन बोटं जात होती तिथं आता नख जाईना. बसलो, बटण दाबलं. गाडी अशी बोलली की चिंचेवरचे कावळे उडाले.

आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला सगळं कळलं होतं. तिला सगळं नेहमीच कळतं.

"म्हंजी दसऱ्यापासनं दोरीनं दावा साधला."

"दोरीचा गुन्हा न्हाई," मी म्हणालो. "उन्हाचा हाय."

ती आत गेली आणि निळ्या नायलॉनचा हातभर तुकडा घेऊन आली. "हे बांध आन् जा सुखानं."

मी तुकड्याकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. गाडी चालूच होती.

"तो तांब्याच दे," मी म्हणालो. "भरून."

"सुंभ जळंल पन तुझा पीळ जायाचा न्हाई," ती म्हणाली, पण तांब्या भरून दिला. भाऊबीजेला भावानं बहिणीला द्यायचं असतं. मी तिच्या ताटात साडी ठेवली आणि तिचा पितळी तांब्या घेऊन निघालो.

पुढची हकीकत मी आजवर कुणाला सांगितली नाही. वेल्ह्याच्या रस्त्यानं जिथं नळ, हापसा, ओढा दिसेल तिथं मी थांबलो. इंजिन बंद केलं नाही. खाली उतरायचं, तांब्या भरायचा, दोरीवर ओतायचा, पुन्हा भरून हौद्यात ठेवायचा, निघायचं. कामथडीत नेमका फिटर दारात उभा होता. सणाचे नवे कपडे घातलेले. मी त्याच्याच नळावर तांब्या लावला.

"आबा, काय करताय?"

"गाडीला पाणी पाजतोय."

"खालनं?"

"ज्याच्या त्याच्या गाडीचं तोंड कुठं हाय ते ज्याला त्याला ठावं."

स्टँडकडं बघून त्याच्या मिश्या हलल्या. त्याला तिथंच कळलं असणार. माणूस हुशार आहे, म्हणालोच मी.

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. मुलगा दारात मोबाईल हातात धरून उभा होता. मी अंगणात एक चक्कर जास्तीची मारली.

"बंद न्हाई पडली?" त्यानं विचारलं.

"पडायला काय झालंय तिला?"

"मग इतके दिवस काय हुतं?"

"प्लग," मी म्हणालो. "फिटरला कळंना. मी काढून पुसला."

गाडी माझी राहिली. भंगारवाला आला नाही. दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत मी फाटकाची स्प्रिंग काढली आणि स्टँडला तिच्या जागी परत लावली. गाडी धुताना मीटरवरच्या स्वस्तिकाचं एक टोक निघून आलं. त्याच्याखाली एक बारीक दिव्याची खूण होती, स्टँडचं चित्र. न शिकलेल्या माणसालाही कळावं म्हणून कंपनीनं अक्षरं न घालता चित्र काढलं होतं, आणि त्याच्यावर आम्ही कुंकू लावलं होतं. राहिलेलं स्वस्तिक मी तसंच ठेवलं. वर्षाचं कुंकू वर्षानं पुसायचं.

निघालेली दोरी टाकून देणं शक्यच नव्हतं. फाटक उघडं पडलं होतं, ते मी तिनंच बांधलं.

गाडी आता सकाळ, दुपार, संध्याकाळ सारखी चालते. पण परवा मुलगा जेवताना म्हणाला, "आबा, ह्या शेळ्या हल्ली दुपारच्याच का सुटत्यात? सकाळी फाटक गच्च, आन् दुपारी बघावं तर सगळ्या कोथिंबिरीत."

"शेळ्यांना ऊन सोसत न्हाई," मी म्हणालो, आणि पाणी प्यायलो.

म्हणून मी हल्ली सारोळ्याहून जरा लवकर निघतो. जेवायच्या आधी तांब्या भरून गुपचूप वाड्याकडं जातो. काल फाटकावर पाणी ओतत होतो तर मागं कारभारीण उभी.

"आवं," ती म्हणाली, "आता फाटकाला बी अंघूळ?"

मी तांब्या पाठीमागं लपवला. पितळी तांब्या, आक्काचा. लपण्यासारखा नाही.

"उद्या बाजारातनं एक स्प्रिंग आना," ती म्हणाली. "न्हाईतर पोराला मीच सांगते, प्लग कुठला हुता ते."

मी आज बाजारात जाऊन स्प्रिंग आणली. स्वतः गेलो, पुढं बसून.